दख्खनच्या खडकासारखा वाडगा करायचाय, खरे स्फटिक मातीत बसवले तर भट्टीत टिकतात का?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी दोन वर्षांपासून पुण्यात एका स्टुडिओत पॉटरी शिकतेय, शनिवार-रविवार. चाकावर आता बऱ्यापैकी हात बसलाय, वाडगे, मग, झाकणाच्या छोट्या बरण्या जमतात. माती स्टोनवेअरची तयार मिळते ती, भट्टी इलेक्ट्रिक, बिस्क (पहिली भाजणी) १००० ला आणि ग्लेझ (काचेसारखा लेप लावून दुसरी भाजणी) १२२० ते १२३० अंशाला.

रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते आणि तिथे जुन्या खाणीची जी भिंत आहे ना तिच्यापुढे हटकून थांबते. काळा राखाडी खडक, त्यात कुठे मुगाएवढी, कुठे वाटाण्याएवढी भोकं, काही रिकामी, काही पांढऱ्या नाहीतर फिकट पिवळट दाण्यांनी गच्च भरलेली. पाऊस पडून गेला की काळं आणखी काळं होतं आणि ते पांढरे दाणे एकदम उठून दिसतात. मला हे भांड्यावर हवंय. बाजारात ‘स्टोन फिनिश’ म्हणून जे मिळतं त्यात करड्या रंगावर पांढरे शिंतोडे मारलेले असतात, लांबून ठीक दिसतं, हातात घेतलं की लगेच कळतं की हा दगड बघून केलेलाच नाही.

मध्यंतरी सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून आले आणि तेव्हापासून तर डोक्यातून जातच नाहीये. मग एके ठिकाणाहून स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट या स्फटिकांचे छोटे तुकडे विकत घेतले, दोन वाडगे केले आणि माती ओली असतानाच ते तुकडे बाहेरच्या बाजूने दाबून बसवले. वाळताना तुकड्यांभोवती बारीक चिरा गेल्या, त्या बुजवल्या. बिस्कमधून बाहेर आले तेव्हा तुकडे खडूसारखे पांढरे झालेले, दोन गळून पडले. तरी मी ग्लेझ फायरिंगला लावले. भट्टी उघडली तर तुकड्यांच्या जागी पांढरा फेस फुगून आलेला आणि त्याचे ओघळ खाली येऊन वाडगा शेल्फला चिकटलेला. शेल्फचा टवका उडाला तो मी भरून दिला, पण स्टुडिओवाल्या ताईंनी सांगितलंय की आता दगड भट्टीत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मला विचारायचंय ते हे की कुठला स्फटिक भट्टीत टिकतो का, की हा रस्ताच चुकीचा आहे? आणि गावाकडे जाताना एका खडी क्रशरवरून मी पोतंभर बारीक कच आणून ठेवलीये, ती ग्लेझमध्ये चालेल का?

---

खडकवाचन

मृण्मयी, मी नाशिकला भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. पॉटरीतलं मला काही कळत नाही पण तुझ्या वाडग्याचं काय झालं ते मात्र अगदी नेमकं कळलं.

तू जी दाबून बसवलीस ती झिओलाइट गटातली खनिजं, आणि त्या नावातच उत्तर आहे. झिओलाइट हे नाव १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण त्याने ते खनिज ज्योतीवर धरलं तर ते उकळल्यासारखं फसफसलं. स्टिलबाइटमध्ये वजनाच्या साधारण १७-१८ टक्के नुसतं पाणी असतं, स्फटिकाच्या सांगाड्यातल्या पोकळ्यांमध्ये बसलेलं. तापवलं की पाणी निघून जातं, मग सांगाडा कोसळतो, आणि आणखी तापवलं की फुगून पांढऱ्या काचेसारखा वितळतो. जुन्या काळी खनिज ओळखायला फुंकनळीने ज्योत मारून बघायचे, तेव्हा स्टिलबाइटची खूण म्हणजे हाच पांढरा फेस. ॲपोफिलाइट घेतलं असतंस तर त्याने पापुद्रे टाकले असते, त्याच्याही नावाचा अर्थ ‘पापुद्रे सुटणारा’ असाच आहे. म्हणजे ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी तुझा प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वी करून बघितलेला आहे.

बाकीच्यांचं पण सांगून टाकतो. जांभळी ॲमेथिस्ट साडेचारशे-पाचशे अंशाला रंग सोडून पिवळट होते. साधी गारगोटी वितळणार नाही, पण ५७३ अंशाला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि थंड होताना तितकाच आक्रसतो, त्यामुळे मोठा तुकडा असेल तर तो तरी तडकतो नाहीतर भोवतालची माती तरी. कॅल्साइटचा तर चुनाच होतो. आणि वाघोलीच्या खाणींतलं ते निळं कॅव्हन्साइट कुणी देऊ केलं तर कृपा करून भट्टीत घालू नकोस आणि कुटू तर अजिबात नकोस, त्यात व्हॅनेडियम आहे, त्याची पूड श्वासात जाणं चांगलं नाही, शिवाय इतकं सुंदर निळं खनिज जगात फार थोड्या जागी मिळतं.

आता तुला जो खडक आवडलाय तो तयार कसा झाला ते बघ, मला वाटतं तुझा रस्ता तिथून निघेल. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे थरावर थर लाव्हा पसरला, आज त्यातला ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलाय. लाव्हात वायू विरघळलेला असतो, दाब कमी झाला की तो सोड्याच्या बाटलीसारखा वर येतो आणि वरचा थर गोठला की बुडबुडे तिथेच अडकतात. तुझी भोकं ती. ती आधी रिकामीच होती. नंतर कितीतरी काळ त्या खडकातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं, त्याने खडकातलाच सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिना विरघळवून आणला आणि भोकांमध्ये थोडा थोडा ठेवला. बऱ्याच भोकांत आधी एक पातळ हिरवट अस्तर बसतं, मग कधी गारगोटी, मग ह्यूलँडाइट-स्टिलबाइट, मग ॲपोफिलाइट, आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी कॅल्साइट. विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात.

म्हणजे खडक झाला हजार-बाराशे अंशाला आणि दाणे भरले दोनशेच्या आतबाहेर, पाण्यातून. तू दोन्ही एकदम बाराशेला नेलंस. तुझी भट्टी तर लाव्हाइतकीच गरम आहे, लाव्हा बाहेर पडतो तो ११०० ते १२०० लाच. त्यात खडक पुन्हा लाव्हा होईल, स्फटिक टिकणार नाहीत.

---

भट्टीवाला

खडकवाचन सर, एक नंबर लिहिलंत, मी वीस वर्षं भट्टी लावतोय कोल्हापुरात पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

मृण्मयी, कच चालेल, नुसती चालेल नाही तर तीच वापर. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, जवळजवळ तयार ग्लेझ आहे. त्यात निम्मा सिलिका, तेरा-चौदा टक्के ॲल्युमिना, दहाच्या आसपास चुना, थोडं मॅग्नेशिया आणि लोखंड इतकं की रंगासाठी वरून काही घालायलाच नको. १२८०-१३०० ला नेलास तर नुसता दगड कुटून लावला तरी काळा-तपकिरी चकचकीत ग्लेझ होतो आणि जाड लागला तर धावतो. तुझ्या १२२० ला मात्र तो अर्धवट राहतो, सँडपेपरसारखा, म्हणून त्याला वितळवायला मदत लागते. मी सुरुवात करताना कच ७०, बोरॉनवाला फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) २०, बॉल क्ले (बारीक चिकट माती) १० अशी करतो आणि तिथून फ्रिट ५-५ ने वरखाली करत चाचणीच्या पाच टाइल लावतो. प्रत्येक क्रशरचा दगड वेगळा असतो त्यामुळे माझं माप डोळे झाकून घेऊ नको, टाइल लावायच्याच.

कच तयार करायची पद्धत सांगतो कारण गडबड इथेच होते. आधी रव्याच्या चाळणीने खडे काढ. मग बादलीत पाणी घेऊन कच टाक, जोरात ढवळ, वीस-पंचवीस सेकंद थांब आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओत. तळाला राहिलं ते जाड, ते बाजूला ठेव. दुसऱ्या बादलीतलं दोन दिवस बसू दे, वरचं नितळ पाणी काढून टाक, खाली जो लोण्यासारखा गाळ राहील तो ८० नंबरच्या आणि जमलं तर १०० नंबरच्या चाळणीतून काढ. तो खरा माल. पोतंभर कचेतून घमेलंभर निघतो, वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि हो, लोहचुंबक फिरवशील तर त्याला काळी दाढी येईल, क्रशरच्या जबड्याचं लोखंड असेल ते काढ पण बारीक काळी पूड त्या दगडातलीच मॅग्नेटाइट असते, ती फेकू नको, रंग तिच्यातच आहे. कोरडं चाळताना मास्क लाव, एन-९५, रुमाल बांधून भागत नाही. शक्यतो सगळं ओलंच कर.

आता भोकं. त्याला आम्ही क्रेटर ग्लेझ म्हणतो. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे हार्डवेअरमध्ये कार्बोरंडम पावडर मिळते ती, पण अगदी बारीक घ्यायची, ती ग्लेझमध्ये दोन-तीन टक्के घातली की भट्टीत तिचा वायू होतो आणि ग्लेझ वितळलेला असताना बुडबुडे फुटतात, काही फुटून खळगे राहतात, काही अर्धवट अडकतात. सरांनी लाव्हाचं सांगितलं तेच, फक्त इथे वायू आपण पुरवतो. इंग्लंडातल्या ल्यूसी री आणि कॅलिफोर्नियातलं नॅटझ्लर जोडपं, ऑटो आणि गर्ट्रूड, यांनी अशा ग्लेझवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या भांड्यांचे फोटो शोधून बघ, तुझी खाण आठवेल.

पण सरांचं वाचल्यावर मला एक सुचलं आणि हे मी स्वतः अजून केलेलं नाही. दाणे दुसऱ्या भट्टीत भर की. पहिली भट्टी १२२० ला, काळा बेसॉल्ट ग्लेझ खळग्यांसकट. थंड झाल्यावर खळग्यांच्या कडा घासायच्या दगडाने मोडून घे, त्या ब्लेडसारख्या असतात, मग पांढरा लो-टेंपरेचर ग्लेझ, मातीच्या भांड्यांना लावतात तो शिसं नसलेला, खळग्यांमध्ये बोटाने दाबून भर आणि वरवरचा ओल्या स्पंजने पुसून काढ. काळं काळंच राहिलं पाहिजे. आणि मग १०४०-१०५० ला दुसरी भट्टी. खालचा ग्लेझ त्या तापमानाला धावणार नाही, वरचा मात्र भोकात वितळून बसेल. आधी लाव्हा, मग बुडबुडा, मग भरण. क्रम तोच.

खायच्या भांड्याला आतून हे लावू नको. आतून साधा गुळगुळीत ग्लेझ, बाहेरून खडक.

---

कुंभारवाड्याची_लेक

मृण्मयीताई, आम्ही साताऱ्याकडचे कुंभार, माझे बाबा अजून चाकावर बसतात, गणपतीच्या आधी आणि संक्रांतीला तर घरात पाय ठेवायला जागा नसते. तुमचा दगड फुटल्याचं बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले यात नवल काय, आमचं आयुष्यच मातीतून खडे काढण्यात गेलं.

आमच्याकडे सगळ्यात वाईट खडा चुनखडीचा. काळ्या मातीत पांढरे खडे असतात ना ते. मडकं भाजून चांगलं निघतं, टणटणीत वाजतं, आणि आठ दिवसांनी घरात ठेवल्या ठेवल्या एक पोपडा उडतो आणि आत पांढरा ठिपका दिसतो. भाजल्यावर खड्याचा कळीचा चुना होतो आणि तो हवेतली ओल ओढून फुगतो. म्हणून माती भिजवायची, तुडवायची, पायाला लागेल तो खडा काढायचा, मग गाळून घ्यायची. लहानपणी माती तुडवायला मलाच उतरवायचे कारण पोरांच्या पायाला बारीक खडासुद्धा टोचतो. तुमच्या क्रशरच्या कचेत पण पांढरे दाणे असतील तर बघा, ते चुन्याचे असू शकतात, थोडं लिंबू नाहीतर व्हिनेगर टाकून बघा फेस आला तर चुना. ग्लेझमध्ये बारीक दळलेला असेल तर चालतो असं भट्टीवाले दादा सांगतील, पण मातीत खडा म्हणून नको.

दुसरं, घाटात जाताना काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये एक विटकरी लाल पट्टा दिसतो बघा, खंबाटकीला, वरंध्याला, कुठेही. तो मऊ असतो, नखाने सुद्धा निघतो. रस्त्याच्या कामात डोंगर कापला की त्याचा ढीग खाली पडलेला असतो. बाबा तो आणून भिजवून वरचं लाल पाणी घेतात आणि मडक्यावर काव देतात तसं लावून सागरगोट्याने घोटतात, इतकी चमक येते की ग्लेझची गरजच नाही. फक्त आमची भट्टी म्हणजे आवा, सातशे-आठशेच्या वर जात नाही, तुमच्या बाराशेला ती चमक राहील असं वाटत नाही, पण रंग गडद चॉकलेटी येईल. तुमच्या वाडग्याला मध्ये एक लाल पट्टा असला तर घाटच होईल तो.

---

खडकवाचन

लेकी, तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. एक थर येऊन गेला, थंड झाला, त्याच्या वरच्या अंगावर ऊन-पाऊस पडला, त्याची माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून गेला. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. तुझे बाबा जे भांड्यावर घोटतात ते भाजकामच आहे आधीचं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, त्यांना माझा नमस्कार सांग.

मृण्मयी, एक राहिलं होतं. भोकांमधल्या त्या हिरवट अस्तराचं नाव सेलाडोनाइट. आणि चिनी भांड्यांवरचा तो प्रसिद्ध फिकट हिरवा सेलाडॉन ग्लेझ, दोन्ही नावं एकाच फ्रेंच रंगावरून आलीत, समुद्री हिरवा. दोन्हीकडे हिरवा येतो तो लोखंडामुळेच. तू भरण करशील तेव्हा खळग्यात आधी हिरवटाची एक पुसटशी रेघ दे आणि मग पांढरा भर. खरा खडक भिंगाखाली धरलास तर काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये ती रेघ दिसेल, केसाएवढी.

आणि एक विनंती, टेकडीवरचा, किल्ल्यावरचा, लेण्यांजवळचा दगड फोडून आणू नकोस, लोणारचा तर नाहीच नाही. क्रशर आणि विहिरीचा ढीग यातून जन्मभर पुरेल इतकं मिळतं.

---

स्टोककर

मी सहा वर्षं इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ राहते, मूळची सांगलीची. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय कारण इथे दगड बघून भांडी करण्याचं वेड १८व्या शतकात लागलं होतं आणि ते सगळं जवळच बार्लस्टनला ठेवलेलं आहे.

आधी अगेटवेअर आलं, दोन-तीन रंगांच्या माती एकावर एक रचून, कापून, दाबून, अकीक दगडात असतात तशा रेघा आणायच्या. थॉमस व्हील्डन नावाचा कुंभार ते करायचा आणि जोसायाह वेजवूड काही वर्षं त्याचा भागीदार होता. मग वेजवूडने १७६८ मध्ये काळी भांडी काढली आणि त्यांना नावच दिलं ब्लॅक बसॉल्ट. पण गंमत बघा, त्यात बेसॉल्ट अजिबात नाही! मातीत मँगनीज आणि कोळशाच्या खाणीच्या पाण्यातून निघणारा लोखंडी गाळ घालून तो काळा रंग आणलेला. त्यानंतर जॅस्पर, ती निळ्यावर पांढरी नक्षी असते ती, सगळ्यांनी फोटोत बघितली असेल, त्या मातीचा मोठा भाग म्हणजे बेरियम सल्फेट, डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींजवळचा पांढरा जड दगड. तो दगड कामाचा आहे हे शोधायला त्याने किती चाचण्या केल्या असतील, म्युझियममध्ये ट्रे ठेवलेत, बोटाच्या पेराएवढे तुकडे, प्रत्येकावर नंबर, आणि नंबराप्रमाणे वहीत नोंद. मी त्या ट्रेपुढे अर्धा तास उभी होते.

म्हणून मृण्मयी माझं एवढंच सांगणं की प्रत्येक टाइलवर मागे नंबर घाल, आयर्न ऑक्साइडने लिही म्हणजे भट्टीत जात नाही. आणि ज्यांनी नुसतं नाव बसॉल्ट दिलं त्यांच्यापेक्षा तू खऱ्या बेसॉल्टचं करतेयस, आपल्या आज्ज्यांचं जातं, पाटा-वरवंटा ज्या दगडाचा होता त्याचं, हे मला इतकं आवडलंय की पुढच्या वेळी घरी येईन तेव्हा मला एक हवाय, पैसे देऊन.

---

मृण्मयी_पुणे

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, सात आठवडे झाले, मुद्दाम काहीतरी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

स्टुडिओच्या ताईंना हा सगळा धागा वाचायला दिला. त्यांनी एका अटीवर हो म्हटलं, प्रत्येक टाइलखाली जुन्या मातीची बशी ठेवायची म्हणजे ओघळलं तरी शेल्फ वाचेल. कच दादांनी सांगितल्याप्रमाणे ढवळून ओतून काढली, गॅलरीत चार बादल्या होत्या, तो गाळ खरंच लोण्यासारखा लागतो हाताला, राखाडी हिरवट, आणि वास अगदी पहिल्या पावसाचा. व्हिनेगरचा थेंब टाकून बघितला, थोडा फेस आला, म्हणजे कॅल्साइट आहे थोडं.

एकूण चौदा टाइल लावल्या, मागे नंबर घालून. नुसती कच १२२० ला तशीच खरखरीत राहिली, कढईच्या बुडासारखी. फ्रिट २० वर साटिनसारखी काळी-तपकिरी आली आणि जिथे थर पातळ होता तिथे कडेला गंजासारखा लालसर रंग उतरला. ३० वर पार धावली, बशी होती म्हणून बरं. कार्बोरंडम ३ टक्के घातलेल्या सगळ्या टाइल नुसत्या फेसाळल्या, पाव वाटावा अशा, मग १ आणि दीड टक्क्यावर आले. दीड टक्क्याची ९ नंबरची टाइल बघून मी भट्टीपुढेच बसले. खळगे सगळे सारखे नाहीत, कुठे मोहरीएवढे कुठे वाटाण्याएवढे, आणि वरच्या बाजूला जास्त, खाली कमी. खाणीच्या भिंतीत पण तसंच आहे, मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं.

भरण दोनदा फसलं. पहिल्यांदा ग्लेझ खळग्यात गच्च भरला तर वितळून निम्मा खाली बसला, खळगा अर्धा रिकामा. दुसऱ्यांदा दोन थरात भरला, मध्ये सुकू दिला, तेव्हा जमलं. सरांनी सांगितलेली हिरवट रेघ कॉपर कार्बोनेट अगदी चिमूटभर घालून तीन केसांच्या ब्रशने दिली. एका खळग्यात पांढऱ्यात बारीक तडे गेलेत, उन्हात धरलं की स्फटिकाच्या पापुद्र्यांसारखे चमकतात, ते ठरवून आलेले नाहीत पण मला काढायचे नाहीयेत.

आता पहिला पूर्ण वाडगा दुसऱ्या भट्टीतून आलाय. आतून साधा पांढरा, बाहेरून खडक. लाल पट्ट्याचं अजून केलं नाही, त्याला वेगळी टाइल लावायचीये, रंग दुसऱ्या फायरिंगनंतर टिकतो का ते बघायचंय. दादा, एक शंका, खळग्यांच्या कडा घासल्यावर तिथली चमक जाते आणि राखाडी दिसतं, त्याला काही करायचं का?

---

भट्टीवाला

काही करू नको. दुसऱ्या भट्टीत १०५० ला थोडं नरम होतं, अजून गोल हवं असेल तर १०७० ला वीस मिनिटं धर, पण त्यात पांढरा ओघळायची भीती आहे, आधी ९ नंबरच्याच टाइलचा तुकडा टाकून बघ. आणि थंड करताना ११०० ते ९०० मध्ये भट्टी हळू उतरवून बघ पहिल्या फायरिंगला, तासाला साठ-सत्तर अंश, काळ्यात बारीक स्फटिक धरतात, चमक कमी होऊन खरा दगडी भाव येतो. मग कडा आणि बाकीचं अंग एकसारखं दिसेल.

---

खडकवाचन

भोकं वर जास्त आणि खाली कमी, हे तू स्वतः बघितलंस. आमच्या विद्यार्थ्यांना लाव्हाच्या थराचं डोकं कुठलं आणि बूड कुठलं ते आम्ही बऱ्याचदा यावरूनच ओळखायला लावायचो. वाडगा सुलट ठेवलास ना भट्टीत? उलटा ठेवून बघ एकदा.

---

कुंभारवाड्याची_लेक

ताई, फोटो बाबांना दाखवला. बराच वेळ फोन हातात धरून बसले, मोठा करून करून बघत होते. मग विचारलं की गाळ किती दिवस बसू दिला आणि पाणी कितीदा काढलं, ते तेवढं लिहा. शेजारच्या रानात विहिरीचं काम चालू आहे, काल पंचवीस फुटांवर पांढऱ्या दाण्यांचा खडक लागलाय, बाबांनी दोन घमेली बाजूला काढून ठेवायला सांगितलीत.